तारण आणि खंडणी



ख्रिस्ती धर्मातील ईश्वरी हेतू व तारण हा विषय आम्ही कळविला तेव्हा चिटणीस जरा चपापले. आमचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे; पुढचे सारे वाचनालयात. परंतु 'तारण' हा शब्द कामगाराला निराळा शिकवावा लागत नाही. सावकाराकडे डाग ठेवतात ते तारण, आणि पैसे भरून तो परत आणतात ती सोडवणूक. मराठी ख्रिस्ती मंडळी 'मुक्ती'बरोबर 'तारण' व 'खंडणी' हेही शब्द वापरतात. ते आम्हांला अधिक अचूक वाटतात, कारण मूळ कल्पनाच देण्याघेण्याची आहे.

हिब्रू धर्मग्रंथात 'गोएल' म्हणून एक नातलग येतो. लेवीयच्या २५ व्या अध्यायाचा नियम असा की, भाऊबंदाने गरिबीपायी जमीन विकली तर जवळच्या नातलगाने ती सोडवावी. तो स्वतःच परक्याकडे विकला गेला असेल तर त्यालाही सोडवावे. हेच नाते पुढे देवाला लावले आहे. मिसर देशात इस्राएल लोक विटा पाडीत. फारोने पेंढा देणे बंद केले आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. (गिरणीतल्या मंडळींना हे अधिक सांगावयास नको.) या लोकांना तेथून बाहेर काढणे हा देवाचा हेतू. येशू आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो असे मार्क सांगतो, ते हे ध्यानात ठेवून वाचावे.

आता खंडणी म्हटली की हिशेब आला. ती भरली कोणाला? चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी म्हणतो, सैतानाला. माणूस त्याच्या ताब्यात गेला होता ना! १०९८ च्या सुमारास अन्सेल्मने हे साफ नाकारले. सैतान हा देवाचाच पळपुटा दास. त्याचा माणसावर हक्क कसला? ऋण आहे ते देवाचे, ते फेडण्याची ऐपत माणसात नाही, म्हणून देव माणूस झाला. आबेलार्डला ही देवघेवच रुचली नाही. क्रूसावरचे प्रेम पाहून माणसाचे अंतःकरण पालटते, यावर त्याचा भर. आम्हांला अन्सेल्मचा नकार मोलाचा वाटतो. त्याच्या ऋणाला मात्र सरंजामी मानपानाचा वास येतो.

हा वाद केवळ मठातला नव्हे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलमधील निवडक भाग छापले गेले. त्यांतून इस्राएल लोक मिसरातून सुटल्याची कथा गाळली होती. धन्याची आज्ञा पाळा हा उपदेश मात्र राहिला. ईश्वरी हेतूचे पुस्तक द्यावयाचे आणि हेतूच कापून घ्यावयाचा! मालकांना त्या पानांची भीती वाटली, यावरून त्यांत काय होते ते कळते.

पुढे १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने गुलाम सोडविले. त्यासाठी २ कोटी पौंडांची खंडणी मंजूर झाली आणि ती मिळाली मालकांना. ग्रेगरीचाच हिशेब म्हणावयाचा! शेतावरच्या गुलामांना 'उमेदवार' हे नवे नाव देऊन १८३८ पर्यंत आठवड्याचा बराच भाग बिनपगारी राबविले. अनुवादाच्या १५ व्या अध्यायात आज्ञा आहे की, सुटलेल्या दासाला रिकाम्या हाताने लावू नये. कळपातले, खळ्यातले व द्राक्षकुंडातले त्याला सढळ हाताने द्यावे. त्यांना सरकारी खजिन्यातून एक पैही मिळाली नाही.