मुक्तिसदनाचा दरवाजा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे लहानसे स्थानक आहे. पंडिता रमाबाईंनी तेथे उभारलेले मुक्तिसदन आज शतकाहून अधिक काळ निराधार स्त्रियांना व मुलांना आश्रय देत आले आहे. धर्मश्रद्धेच्या पायावर उभ्या असलेल्या आश्रमाचा कारभार कसा चालवावा, हा प्रश्न या संस्थेच्या इतिहासात जितक्या उघडपणे पुढे आला, तितका क्वचितच अन्यत्र आला असेल.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. सासरच्या छळाने व वैधव्याच्या हालांनी गांजलेल्या उच्चवर्णीय मुलींना तेथे निवारा आणि शिक्षण मिळे. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे द्रव्यसाहाय्याचे वचन दिले होते. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, ही संस्थेची अट होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना वजन होते. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्क कोण नाकारील? पण ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, तिच्या दृष्टीने आश्रयदात्रीच्या श्रद्धेला केवळ उदाहरणाचे नव्हे, तर सत्तेचेही रूप येते. तिचा होकार कितपत मोकळा, हे तिलाही सांगता येणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या. १९०० च्या सुमारास आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे झाले, अंध स्त्रियांनाही स्वतंत्र जागा मिळाली. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. हा आश्रम उघडपणे ख्रिस्ती होता. पुण्यातील संदिग्धता येथे उरली नव्हती. तरी भुकेने आलेल्या मुलीच्या मोकळ्या निवडीचा प्रश्न संपला नव्हता.

अशा संस्थेची खरी कसोटी दैनंदिन व्यवहारात लागते. रात्री मुलाला कडेवर घेऊन आलेल्या स्त्रीला आधी जेवण मिळते की आधी तिची चौकशी होते? प्रार्थनेला न आल्यास तिच्या ताटात फरक पडतो काय? नवरा दाराशी येऊन दरडावू लागला, तर ती आत आहे हे त्याला कळते काय? हाताला काम शिकून ती बाहेर पडू शकते, की उपकाराच्या ओझ्याखाली तेथेच राहते?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने यांतील काही उत्तरे सक्तीची केली आहेत. पीडित स्त्रीने, अथवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने, विनंती केली असता आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आश्रय दिलाच पाहिजे. त्या कलमात धर्माची अट नाही. तिची इच्छा असल्यास ती तेथे आहे हे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळवू नये, असेही नियम सांगतात. मात्र ताटातला फरक आणि नजरेतला फरक कोणत्याही कलमाने मोजता येत नाही.

श्रद्धेने माणसे अशा कामास आयुष्य वाहतात, हे रमाबाईंच्या १९२२ पर्यंतच्या अखंड परिश्रमांवरून दिसते. पगारी व्यवस्थेला तेवढे बळ सहसा पुरवता येत नाही. म्हणून संचालकांची श्रद्धा दाराबाहेर ठेवावी, असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल. आत आलेल्या स्त्रीला मात्र प्रार्थनेच्या खोलीत जाण्याची जितकी मुभा, तितकीच न जाण्याची असली पाहिजे. आणि न जाणारीची भाकरी तेवढीच ऊन असली पाहिजे.