अवघड खेळ आणि कच्चे लिंबू

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण मुलांच्या संगोपनाविषयी बोलताना वडीलधारी माणसे हटकून उच्चारतात. परंतु पाथरवट टाकी उचलण्यापूर्वी दगडाची जात पाहतो, हे त्या म्हणीत सांगितलेले नसते. बालपणी जुने, अवघड व्हिडिओ गेम खेळलेले आईबाप आज तेच खेळ कौतुकाने मुलांच्या हाती देतात आणि दहा मिनिटांत मूल रडकुंडीस येते. मग आजची मुले नाजूक झाली आहेत, असा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. तो कितपत खरा आहे?

हे खेळ मुळात अवघड का झाले, ते प्रथम पाहावयास हवे. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. तो नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात असे. खेळणारा हरल्यावाचून दुसरे नाणे पडावयाचे नाही. तेव्हा अशा यंत्रांच्या बाबतीत काठिण्य हा व्यवहाराचाच भाग होता. पुढे खेळ घरोघरी आले. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटांत मावलेला होता. त्याचे ३२ टप्पे. हाती ३ जीव. आणि झालेली प्रगती साठवून ठेवण्याची सोय नाही. १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीसंचाला जोडावयाच्या स्वस्त यंत्रांतून हा ‘मारिओ’ आणि त्याच्या जोडीला ‘कॉन्ट्रा’ मराठी घरांतही पोचले. थोडक्या जागेत रचलेला खेळ पुष्कळ दिवस पुरे, तो बहुतांशी या काठिण्यामुळेच.

म्हणजे ते काठिण्य मुलांच्या हितासाठी योजलेले नव्हते. तरीही त्यातून काही चांगले निपजले, हे नाकारता येत नाही. ‘मारिओ’च्या पहिल्या टप्प्यात कोणतीही सूचना नाही. समोरून एक शत्रू संथपणे चालत येतो. उडी मारली तर वाचावे, न मारली तर एक जीव गमवावा. आपण का हरलो, हे पाच वर्षांच्या मुलालाही तत्काळ उमगते. जिचे कारण कळते ती हार शिकवते. जिचे कारण कळत नाही ती केवळ खच्ची करते.

हा भेद त्या काळच्या रचनाकारांनाही ठाऊक होता. १९८६ साली जपानमध्ये ‘मारिओ’चा दुसरा भाग निघाला. तो इतका निष्ठुर होता की अमेरिकेत तो विकण्यात आला नाही. १९८८ साली त्या नावाने तेथे वेगळाच खेळ देण्यात आला आणि मूळ खेळ १९९३ मध्ये पोचला. काझुहिसा हाशिमोतो यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९८६ साली ‘ग्रेडिअस’ या खेळाची घरगुती आवृत्ती सिद्ध करीत असताना तो त्यांना स्वतःलाच जड जाऊ लागला. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घातला. तोच क्रम पुढे ‘कॉन्ट्रा’त ३ ऐवजी ३० जीव देऊ लागला. कालच्या कणखर मुलांपैकी कित्येकांनी ‘कॉन्ट्रा’ जिंकला तो या ३० जीवांच्या बळावर!

मराठी अंगणाला यात नवे काहीच नाही. लपंडावात धाकटे भावंड आले की त्याला ‘कच्चे लिंबू’ ठरवीत. ते सर्वांबरोबर धावे, ओरडे. फक्त त्याच्यावर राज्य येत नसे. खेळ सोपा केला जात नसे, खेळात शिरण्याची वाट सोपी केली जाई. जुन्या खेळांच्या आजच्या आवृत्त्यांत डाव मध्येच थांबविण्याची, चुकल्यास मागे नेण्याची सोय असते. १९१८ नव्हे, २०१८ सालच्या ‘सेलेस्टे’सारख्या नव्या पण अवघड खेळात वेग मंद करण्याचीही मुभा आहे. या सोयींना लबाडी म्हणण्याचे कारण नाही. मात्र कच्चे लिंबूही एक दिवस पक्के भिडू व्हावयाचे असते. प्रत्येक चूक पुसून टाकली, तर शिकण्याजोगे काही उरत नाही.

खरी काळजी वेगळ्या दिशेने करावयास हवी. २०१२ साली निघालेल्या ‘कँडी क्रश’मध्ये ५ जीव संपले की अर्धा तास थांबावे तेव्हा एक जीव मिळतो, अथवा पैसे मोजावे. अपयशावर उपाय सराव नव्हे, पैसा होय, असा धडा येथे मिळतो. त्याच्या तुलनेत घरातला जुना खेळ प्रामाणिक आहे. तो पुन्हा प्रयत्न करण्यावाचून काहीच मागत नाही.

तेव्हा जुने अवघड खेळ मुलांना द्यावेत; पण हार समजेल असे निवडून द्यावेत, आणि वडिलांनी शेजारी बसून आपली पाळीही हरावी. मुलाने खेळ सोडून उठावयाचे म्हटले, तर त्याला उठू द्यावे. आपल्या बालपणाची परीक्षा मुलाने उत्तीर्ण व्हावी, हा आग्रह खेळाचा नव्हे. उद्या ते आपण होऊन परत आले, तर टाकीने आपले काम केले असे समजावे.