खेळयंत्रांची राज्ये : उदय आणि अस्त
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, सहकार, विवाहखर्चातील काटकसर अशा गंभीर विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत मुलांच्या व्हिडिओ गेमचा विषय घेऊन आम्ही उभे राहावे, हे काही वडीलधाऱ्यांस चमत्कारिक वाटेल. कार्यकारी मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्हांसही क्षणभर संकोच वाटला. परंतु जिने पिढ्यानपिढ्या तांब्यापितळेची भांडी घडविली आणि विकली, त्या आपल्या ज्ञातीस धंद्याची भरतीओहोटी नवी नाही. आपल्याकडे जे स्थित्यंतर घडावयास दोन पिढ्या लागल्या, ते खेळयंत्रांच्या बाजारात पाच-सहा वर्षांत घडते. म्हणून आपले मुख पाहावयास तो आरसा बरा, असे आम्हांस वाटले.

प्रथम ह्या धंद्याची घडण ध्यानी घ्यावी. टीव्हीस जोडावयाचे एक यंत्र, ज्यास कन्सोल म्हणतात, आणि त्यात घालावयाचे खेळ, अशी ही जोडी आहे. यंत्र बहुधा अल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकले जाते. खरी मिळकत खेळांवर, आणि इतरांनी रचलेल्या खेळांवर मिळणाऱ्या हिश्शावर असते. गिऱ्हाईक जेथे चांगले खेळ तेथे जाते, आणि खेळ रचणारे जेथे गिऱ्हाईक पुष्कळ तेथे जातात. हे चाक एकदा फिरू लागले की मालकास काही करावे लागत नाही असा भास होतो. आणि ते उलट फिरू लागले की कितीही जोर लावला तरी थांबत नाही. शिवाय दर पाच-सात वर्षांनी नवे यंत्र निघते, आणि जुने खेळ पुष्कळदा त्यावर चालत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाची निष्ठा दर खेपेस कोऱ्या पाटीवर नव्याने मिळवावी लागते.

ह्या बाजारातील पहिले मोठे राज्य अमेरिकेतील अटारी कंपनीचे. १९७२ साली स्थापन झालेली ही कंपनी १९७६ साली वॉर्नर ह्या बड्या उद्योगसमूहाने विकत घेतली, आणि १९७७ साली तिने आपले प्रसिद्ध यंत्र बाजारात आणले. पुढे तिच्या प्रमुखपदी वस्त्रोद्योगातून आलेले रे कसार नामक गृहस्थ बसले. (आडनावावरून कोणी सोयरीक जोडू नये!) खेळ रचणारे तंत्रज्ञ ह्या कंपनीस कोट्यवधी डॉलर मिळवून देत होते; परंतु खेळाच्या डब्यावर त्यांचे नाव नसे आणि विक्रीत त्यांचा वाटा नसे. त्यांनी दोन्ही मागितले. दोन्ही नाकारले गेले. तेव्हा १९७९ साली त्यांच्यातील चौघे उत्तम कारागीर बाहेर पडले आणि त्यांच्या सहभागाने अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. अटारीच्या यंत्रावर चालणारे, परंतु अटारीचे नसलेले खेळ दुकानांत दिसू लागले. त्या यशाकडे पाहून पुष्कळ उपटसुंभही ह्या धंद्यात शिरले, आणि बाजार निकृष्ट मालाने भरून गेला.

अटारीनेही तोच मार्ग धरला. १९८२ च्या नाताळासाठी 'ई. टी.' ह्या चित्रपटावरील खेळ अवघ्या पाच-सहा आठवड्यांत रचून घेण्यात आला. माल पडून राहिला. १९८३ साली कंपनीस ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला, आणि न विकलेल्या कॅसेटी गाड्या भरभरून न्यू मेक्सिकोमधील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरण्यात आल्या. २०१४ साली ती जागा उकरली, तेव्हा त्या कॅसेटी खरोखरच सापडल्या. गाडलेला माल असा पुढील पिढीसमोर साक्षीस उभा राहतो!

दुसरे राज्य जपानचे. क्योतो शहरात १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी स्थापन झालेल्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात आणि १९८५ साली अमेरिकेत आपले यंत्र आणले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी १९९० नंतरच्या दशकात टीव्हीखाली जे खेळाचे खोके असे, ते बहुधा ह्याच यंत्राची नक्कल होते. अटारीची चूक पाहून निन्टेन्डोने कडक नियम केले. यंत्रात कुलूपवजा चिप बसविली. परवानगीवाचून कोणाचा खेळ चालू नये अशी तजवीज केली. खेळ रचणाऱ्याने वर्षास पाचच खेळ काढावेत, कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्यात, तो खेळ दोन वर्षे अन्य यंत्रावर देऊ नये, अशा अटी घातल्या. गुणवत्ता राखली गेली आणि मरगळलेला बाजार पुन्हा उभा राहिला, हे मान्य केले पाहिजे. खेळ रचणाऱ्यांनीही सारे सोसले, कारण दुभत्या गाईच्या लाथा गोड. परंतु लाथ खाणारा ती विसरत नाही; तो केवळ दुसऱ्या गाईची वाट पाहत असतो.

ती दुसरी गाय निन्टेन्डोने स्वतःच दारी आणून बांधली. सोनी कंपनीशी तिने सीडीवर चालणाऱ्या जोडयंत्राचा करार केला होता. १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्स कंपनीबरोबर जात असल्याचे जाहीर केले. ह्या अपमानानंतर केन कुतारागी ह्यांच्या आग्रहाने सोनीने स्वतःचेच यंत्र घडविले. डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन जपानात आले. सीडी स्वस्त, झटपट छापता येणारी आणि मोठ्या खेळास पुरेशी. निन्टेन्डोने मात्र १९९६ च्या नव्या यंत्रातही महागड्या कॅसेटीचाच हट्ट धरला. परिणामी, जी 'फायनल फँटसी' मालिका निन्टेन्डोच्या अंगणात वाढली, तिचा सातवा भाग १९९७ साली प्लेस्टेशनवर निघाला. प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक खपले. निन्टेन्डोचे यंत्र सुमारे ३ कोटी ३० लाख.

सेगा ह्या तिसऱ्या कंपनीची कथा अधिक करुण आहे. 'सॉनिक' ह्या १९९१ च्या खेळाच्या बळावर आणि किंमत उतरवून तिने अमेरिकेत निन्टेन्डोस जेरीस आणले. परंतु यशानंतर जपानमधील मुख्य कचेरी आणि अमेरिकेतील शाखा ह्यांचे एकमत राहिले नाही. एकामागून एक जोडयंत्रे काढून तिने गिऱ्हाइकास गोंधळविले. मे १९९५ मध्ये तर 'सॅटर्न' हे यंत्र जाहीर केलेल्या तारखेच्या चार महिने आधी, निवडक दुकानदारांस देऊन, ३९९ डॉलरांस एकाएकी विक्रीस काढले. वगळलेले दुकानदार रुष्ट झाले; खेळ रचणाऱ्यांचे खेळ तयारच नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीने आपली किंमत जाहीर केली : २९९ डॉलर. सेगाचे पुढचे यंत्र 'ड्रीमकास्ट' गुणी होते. परंतु विश्वास उडाला होता. २००१ साली सेगाने यंत्रे बनविणेच सोडले. घर फिरले की घराचे वासेही फिरतात.

मग सोनी तरी शहाणी ठरली काय? २००० सालचे तिचे दुसरे यंत्र १५ कोटींहून अधिक खपले, आणि तिसऱ्या खेपेस, २००६ साली, तिने अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर अशा किमती सांगितल्या. यंत्राची रचना इतकी दुर्घट की खेळ रचणारे मेटाकुटीस आले. मायक्रोसॉफ्टचे यंत्र वर्षभर आधीच बाजारात उतरले होते. आणि पिछाडीस पडलेल्या निन्टेन्डोने त्याच वर्षी, शक्तीने दुबळे परंतु आजी-आजोबांनाही हात हलवून खेळता येईल असे 'वी' हे यंत्र २४९ डॉलरांस आणले; ते १० कोटींहून अधिक खपले. त्या यशाने निन्टेन्डो पुन्हा सुस्तावली. २०१२ चे 'वी यू' हे नवे यंत्र आहे की जुन्याचेच उपांग, हे गिऱ्हाइकास उमगले नाही. ते सुमारे १ कोटी ३६ लाखच खपले. तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता ह्यांनी २०१४ साली काही महिने स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. २०१७ चे 'स्विच' हे यंत्र पाहावयास ते हयात नव्हते. परंतु त्यांच्या कारकीर्दीत आखलेले ते यंत्र १५ कोटींचा टप्पा ओलांडून गेले.

कोणी म्हणेल, हा सारा यंत्रशक्तीचा खेळ आहे. तसे दिसत नाही. 'वी' शक्तीने दुबळे असून जिंकले. सोनीचे दुसरे यंत्रही प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने दुबळेच होते. कोणी म्हणेल, दैव. दैवाचा वाटा आम्ही नाकारीत नाही. परंतु एकच दैव वारंवार त्याच घटकेस, म्हणजे यशाच्या शिखरावरच, फिरावे हे संशयास्पद आहे. आमच्या मते कारण असे की, यश मिळाले म्हणजे ते कोणामुळे मिळाले ह्याचा हिशेब मालक बदलून टाकतो. कारागिराचे, भागीदाराचे, दुकानदाराचे आणि गिऱ्हाइकाचे देणे तो स्वतःच्या खात्यावर जमा करतो. प्रतिस्पर्धी केवळ ती चुकीची वही उघडून दाखवितो.

बंधुभगिनींनो, हे सारे आम्ही परक्यांचे दोष म्हणून सांगितले, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दुकानाची कीर्ती तांब्याच्या हंड्यांवर आणि बंबांवर होती. आणि ती कीर्ती एका कारागिराच्या हातची होती. त्यांच्या मठारकामाचा हंडा गिऱ्हाईक ठोक्यांवरून ओळखी. त्या गृहस्थांनी एकदा वडिलांपाशी दोन गोष्टी मागितल्या : नफ्यात लहानसा वाटा, आणि दुकानात स्टीलचा एक कप्पा. वडील म्हणाले, "स्टीलला आम्ही भांडे म्हणत नाही, आणि नोकराला भागीदार." आम्ही तेव्हा गल्ल्यावर बसत होतो. आम्ही मान डोलाविली.

ते गृहस्थ निघून गेले आणि समोरच्याच बाजूस त्यांनी स्टीलचे दुकान काढले. आठ वर्षांत आमच्या दुकानास कुलूप लागले. त्यांनी फसविले, असे आमच्या घरात पुष्कळ वर्षे बोलले जाई, आणि मुलांनीही तेच ऐकले. अटारीच्या त्या चार तंत्रज्ञांची हकीकत प्रथम वाचली, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कोणी कोणास फसविले नव्हते. त्यांनी आमच्याकडे वाटा मागितला होता; तो आम्ही दिला नाही, एवढेच घडले होते. ते गृहस्थ आज नाहीत. त्यांचे चिरंजीव ह्या सभेत बसले आहेत. त्यांच्या वडिलांविषयी आमच्या घराने जे बोलू नये ते बोलले, त्याबद्दल आम्ही त्यांची सर्वांसमक्ष क्षमा मागतो.

ज्या तरुणांची आज भरभराट आहे, त्यांस आमचे सांगणे इतकेच : ज्या दिवशी पेढी सर्वांत चांगली चालली असेल, त्या दिवशी वही काढून बसावे, आणि हे यश कोणकोणाचे ह्याची नावे लिहावीत. यादीत आपलेच नाव पहिले येऊ लागले, तर ओहोटी सुरू झाली असे समजावे. आणि ज्यांची दुकाने आमच्यासारखी मिटली, त्यांनी खचू नये. पत्ते विकणारी पेढी शंभराहून अधिक वर्षे टिकली, ती कधी हरली नाही म्हणून नव्हे. हरल्यावर तिने आपला हिशेब पुन्हा मांडला म्हणून.