शेततळ्याच्या पाण्याला वास येतो तेव्हा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



उन्हाळा लागला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, तळ्याचे पाणी हिरवे झाले, मातकट वास येतो, गुरे तोंड लावीत नाहीत. पाण्यात काय टाकू?" काय टाकावयाचे ते नंतर पाहू. वास कोणता, हे आधी ओळखावयास हवे; कारण सर्व वास सारखे नसतात आणि त्यांचा धोकाही सारखा नसतो.

पहिल्या पावसात जमिनीतून जो वास येतो, त्यात जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा मोठा वाटा असतो. मातीतील अ‍ॅक्टिनोमायसिटीस वर्गाचे जिवाणू तो तयार करतात. साठलेल्या पाण्यात काही जातींचे निळे-हिरवे शेवाळही हाच पदार्थ सोडते. कनोजला या मृद्गंधाचे अत्तर काढतात, पाण्यात मात्र तो कोणालाच नको असतो! आपले नाक त्याला फार तिखट आहे. लिटरमागे सुमारे १० नॅनोग्रॅम असला तरी तो जाणवतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते; अशा चाळीसहून अधिक तळ्यांना एक ग्रॅम जिओस्मिन पुरेल. इतक्या अल्प प्रमाणात तो अपायकारक नाही. ब्लिचिंग पावडरने मात्र तो जात नाही.

अपाय होतो तो शेवाळाच्या विषाने. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात आणि वारा वाहतो त्या काठाला त्यांचा थर जमतो. गुरे नेमकी तेथेच पाणी पितात. असे पाणी पिऊन जनावरे दगावतात. पाणी उकळून हे विष नाहीसे होत नाही. नेहमीच्या पाणी तपासणीच्या अहवालात सामू, क्षार कळतात, हे विष कळत नाही. म्हणून काठीची परीक्षा करावी. काठी फिरवल्यावर लांब धागे गुंडाळून वर आले, तर ते बहुधा साधे हिरवे शेवाळ होय. काठीला हिरवा रंग फासल्यासारखा दिसला, तर त्या काठावर गुरांना जाऊ देऊ नये व ते पाणी घरात वापरू नये.

आता मोरचुदाविषयी. थर दाट झाल्यावर मोरचूद टाकणे मला मुळीच पसंत नाही. शेवाळ एकदम मरते, पेशी फुटतात आणि आतील वास व विष दोन्ही पाण्यात मिसळतात. मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो, मासे मरतात. शिवाय आपल्या भागातील जड, विम्ल पाण्यात तांबे लवकर तळाशी बसते.

दुसरा वास सडक्या अंड्याचा. लोणारचे सरोवर आपल्याच जिल्ह्यातले, तेथील चिखलाचा वास अनेकांच्या ओळखीचा असेल. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. त्याचा हिरवा रंग मुख्यतः स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाचा. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, तेथील जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. जून २०२० मध्ये पाण्याची पातळी उतरून क्षार वाढले आणि सरोवर गुलाबी झाले. ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले.

गाळातील हीच क्रिया वापरात नसलेल्या विहिरीत किंवा बोअरमध्ये लहान प्रमाणात चालते. बोअरचे पाणी बराच वेळ उपसून टाकावे व हौदात उंचावरून पाडावे. वायू निघून जातो. विहिरीच्या बाबतीत मात्र जपावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि फार वाढला की नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटते, वास गेला! अशा विहिरीत गाळ काढावयास कोणीही उतरू नये. पंपाने बाहेरूनच उपसा करावा.

शेततळ्यात खरा उपाय शेवाळाचे अन्न तोडण्याचा. हे अन्न म्हणजे नत्र व स्फुरद. वरच्या अंगाला उकिरडा असेल तर तो हलवावा. पाणी आत येते तेथे गाळ अडविणारा खड्डा व गवताचा पट्टा ठेवावा, कारण स्फुरद मातीच्या कणांबरोबर वाहून येते. जनावरांना तळ्यात उतरवू नये. पाणी बाहेरच्या हौदात द्यावे. ठिबकासाठी फुटव्हॉल्व्ह तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर ठेवावा, म्हणजे वरचा थर व तळचा गाळ दोन्ही टळतील.