ओळख परतताना

पांढुर्णा-सौंसरकडे डोक्याला जबर मार लागला, मग तो अपघात असो वा जाम नदीवरच्या गोटमार या दगडफेकीच्या जत्रेतला दगड, की माणसाला बहुतेकदा नागपूरला हलवतात. शुद्धीवर येताना तो कधी शिव्या देतो, नळी ओढतो, घरच्यांनाही ओळखत नाही. मन घट्ट करा. हा दुखापतीचा परिणाम आहे, त्याचा स्वभाव नव्हे. "बाबा, ओळखलंत का?" असं विचारू नका. "बाबा, मी तुमची धाकटी, आपण नागपूरच्या दवाखान्यात आहोत," असं सांगा. एका वेळी एकानेच, सावकाश बोलावं. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळाच. नर्सबाई दाखवतील तशी दर दोन तासांनी कूस बदला. आणि डॉक्टरांनी गिळणं तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही पाजू नका. तो फुप्फुसात जाऊ शकतो. रात्रीची पाळी मात्र आपसांत वाटून घ्या.