साडेचार रुपयांचा मसाला

मी नवी मुंबईत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या आगरी-कोळी बायकांचे गट माझ्याकडे आहेत. आज जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, ताई, हे कॉम्प्युटरवाल्यांचं आम्हाला कशाला? पण ऐका तरी.

आमच्या एका गटाने मसाल्याची वेबसाईट करून घेतली. अर्धा किलो आगरी मसाला, किंमत ४५० रुपये. मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी अचानक सहा ऑर्डरी आल्या. बायका खूश! चार पुडे कुरिअरने गेलेसुद्धा. संध्याकाळी लेखापाल ताईंनी खातं उघडलं तर प्रत्येक ऑर्डरीचे जमा होते ४ रुपये ५० पैसे. पुड्यामागे ४४५ रुपये ५० पैसे कमी, चार पुड्यांचे १७८२ रुपये गेले. मिरची-धणे उधारीवर आणलेल्या गटाला ही रक्कम लहान नाही. आणि पहिला संशय कुणावर? ज्या पोरीने वेबसाईटवर किंमत भरली होती तिच्यावर. ती बिचारी रडायलाच लागली. किंमत तर तिने बरोबर भरली होती.

माझ्या नणंदेची मुलगी महापेला एका कंपनीत कोड तपासायचं काम करते. तिला घरी बोलावलं. तिने आमच्या वेबसाईटवाल्या मुलाला फोन केला आणि अर्ध्या तासात चूक सापडली.

बघा, आपली वेबसाईट थेट बँकेशी बोलत नाही. ती पेमेंट कंपनीला निरोप पाठवते: अमुक ऑर्डर, अमुक रक्कम. हा निरोप ठरलेल्या नमुन्यातच लागतो, बँकेच्या भरणा पावतीसारखा. त्या पावत्यांचं तयार पुस्तक म्हणजे लायब्ररी. पेमेंट कंपनीने नमुना बदलला की नवं पुस्तक काढावं लागतं, तेही कॉम्प्युटरच्या पाच-सहा भाषांत. एवढं हाताने कोण लिहीत बसणार? म्हणून नमुना एकदा लिहून ठेवतात आणि त्यावरून मशीनच नवा कोड तयार करतं.

आता गंमत ऐका. बऱ्याच पेमेंट कंपन्या रक्कम रुपयांत नाही, पैशांत मागतात. ४५० रुपये हवे असतील तर ४५००० लिहायचं. अपूर्णांकाची भानगड नको म्हणून. जपानच्या येनला सुट्टे नाहीत, तिथे ५०० म्हणजे ५००च. कुवेतच्या एका दिनारचे तर हजार फिल्स होतात. आमच्या जुन्या लायब्ररीत कुणीतरी सोय केली होती, रुपये सांगा, शंभराने ती स्वतः गुणेल. मशीनने नवा कोड काढताना ती ओळ गेली, कारण मूळ नमुन्यात ती नव्हतीच. वेबसाईटने ४५० सांगितले, पुढच्याने ते ४५० पैसे धरले.

“मामी,” भाची म्हणाली, “मशीनने खोटं काही लिहिलं नाही. पण तुमचा मसाला साडेचार रुपयांना मिळत नाही, हे त्याला कोण सांगणार?”

मग तिने मला तिचं काम दाखवलं. पडद्यावर काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. एका अपडेटमध्ये चारशे ओळी बदललेल्या, त्यातल्या बहुतेक नुसत्या तारखा आणि खुलासे. कामाची ओळ एकच. डोळे थकतात आणि माणूस न वाचता ‘मंजूर’ दाबतो. (आपल्याकडे सभेचा ठराव न वाचता अंगठा उठवतात, तसंच की!) म्हणून ती आधी लाल ओळी वाचते. घातलेलं दिसतं हो, गेलेलं दिसत नाही. मग रक्कम कुठे कुठे येते ते शोधते. मग बघते, नेट तुटलं आणि तोच निरोप दोनदा गेला तर पैसे दोनदा कापले जातात का? प्रत्येक निरोपाला एक खूण-क्रमांक हवा. तोच क्रमांक पुन्हा आला की दुसऱ्यांदा पैसे कापायचे नाहीत. आपल्या बचतीच्या वहीत एकच हप्ता दोनदा चढू नये म्हणून पावती नंबर बघतो ना, तेच. शेवटी चाचणी खात्यावर खोटी ऑर्डर टाकते, त्यात खरे पैसे हलत नाहीत.

आमच्या वेबसाईटवाल्याने यातलं काहीच केलं नव्हतं. अपडेट आपोआप लागू होत होतं. आता ते बंद केलंय. त्याला सांगितलं, लायब्ररीचा नंबर बांधून ठेव. त्या नंबरात टिंबांनी तोडलेले तीन आकडे असतात, पहिला आकडा बदलला तर समजायचं मोठा बदल आहे. नवं काही लावलंस की आधी आमच्या लेखापाल ताई एक पुडा स्वतः ऑर्डर करणार, खात्यात ४५० दिसले की मगच चालू. मुलगा जरा कुरकुरला. कुरकुरू दे.

दुसरी बाजूही सांगते. एखाद्या गिऱ्हाईकाच्या खात्यातून यूपीआयने पैसे गेले आणि दुकानदाराला पैसे मिळाल्याचा निरोपच आला नाही, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा द्यायला लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमाप्रमाणे असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने ऐकलं नाही तर लोकपालाच्या १४४४८ नंबरवर विचारा.

राहिलेल्या दोन ऑर्डरी आम्ही फोन करून रद्द केल्या. गेलेल्या चार पुड्यांच्या गिऱ्हाइकांनाही फोन लावले. दोघींनी उरलेले पैसे त्याच दिवशी पाठवले. एकाने फोनच उचलला नाही. चौथ्या बाई म्हणाल्या, पुढच्या ऑर्डरीत धरा. त्यांची ऑर्डर दिवाळीआधी आली, एक किलोची, आणि मागचा हिशेब त्यांनी स्वतःहून चुकता केला. ज्या पोरीवर संशय घेतला होता तिचीच आता भाचीकडे शिकवणी चालू आहे, दर रविवारी.