माग थांबवण्याची मुभा

यंत्रमागधारक बंधू-भगिनींनो, सायझिंगवाले, मेहताजी आणि आजची पाळी सोडून आलेल्या कारीगर मित्रांनो,

वज्रेश्वरीत आपलं मनापासून स्वागत. १७३९मध्ये वसई सर झाली आणि चिमाजी अप्पांनी बोललेला नवस फेडायला देवीचं देऊळ बांधलं, असं इथे सांगतात. पायऱ्या चढून दर्शन घ्या, अकलोलीच्या गरम कुंडांत पाय शेका. फक्त सत्रं बुडवून नको!

आजचा विषय ‘लीन’, म्हणजे नासाडी टाळून उत्पादन करायची पद्धत. तिचं नाव निघालं की आपल्यातलं कोणीतरी म्हणतं, ते मोटारवाल्यांचं. अहो, ते मागवाल्यांचंच! जपानी संशोधक साकिची टोयोडांचा १९२४चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यांच्या मागाच्या कारखान्यातूनच पुढे मोटार कंपनी उभी राहिली आणि दोष दिसताच काम थांबवायची रीतही तिच्यासोबत गेली. भिवंडीतल्या बऱ्याच साध्या मागांवर आजही ताण्याचा धागा तुटला तरी माग खडखडतच राहतो. कारीगराची नजर जाईपर्यंत ताका बिघडलेला असतो.

यंत्रं जुनी आहेत, हे खरं. पण शेजारच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८पासून जो प्रयोग केला, त्यात भर नव्या यंत्रांवर नव्हता. दोषांची रोज नोंद, त्यावर रोज चर्चा, वेळेवर देखभाल, सुताचा साठा नीट लावलेला, एवढंच. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी ते पुन्हा आले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कुठे व्यवस्थापक बदललेला, कुठे मालकाला वेळ नाही. हे वाचताना बरेच ओळखीचे चेहरे डोळ्यांपुढे आले; त्यातले काही आज पहिल्या रांगेत बसलेत.

माझ्या मते खरी अडचण मजुरीत आहे. कारीगराला पैसे मिळतात मीटरवर. धागा जोडायला माग थांबवला, तर नुकसान त्याचं. तसाच चालवला, तर ताका परत येतो आणि नुकसान आपलं. मग तो का थांबवेल? भिंतीवर गुणवत्तेच्या पाट्या लावून हे सुटणार नाही. थांबलेल्या मिनिटांचे पैसे मालकाने सोसायचे, निर्दोष ताक्याला वेगळा दर द्यायचा, हे आधी ठरवावं लागेल. पदरचे पैसे जातील, हे मालक म्हणून मलाही कळतं. लीन पद्धती बसवून देणाऱ्या सल्लागाराच्या खर्चाला २०२३च्या केंद्राच्या लीन योजनेत ९० टक्के मदत आहे. मजुरीचा दर मात्र आपणच बदलायचा आहे.

म्हणून दुपारचं सत्र आम्ही कारीगरांना दिलं आहे. मालकांनी त्यात प्रश्न विचारावेत, उत्तरं देऊ नयेत, ही स्वागत समितीची विनंती. जेवण एक वाजता मागच्या मांडवात आहे.